जागच्या जागी

६ जानेवारी, सोमवार

आज माझ्या हातातली शिट्टी काढून खडू देण्यात आला. माझ्या! ज्याच्या एका ‘सावधान’ला अख्खी शाळा श्वास रोखते, त्याच्या.

प्रकार असा. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी येणार येणार म्हणून गाजलेला माणूस आलाच नाही. मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण नाव पडलं ते पडलं.

“सर, सातवीचं विज्ञान तुम्ही घ्या. स्थायू, द्रव, वायू. एवढा एकच धडा राहिलाय.”

“बाई, मी कवायतीचा माणूस.”

“मुलं तुमचं ऐकतात, तेवढं पुरे. सकाळच्या कवायतीला शेजारच्या शाळेतले नवे कोच येतील. तुम्हाला तेवढंच उन्हात उभं राहायला नको.”

उन्हात! मी काय लोण्याचा गोळा आहे? बोलताना त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, टेबलावरच्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मनात काळंबेरं असलं की माणूस डोळ्याला डोळा भिडवत नाही. मला मैदानावरून हलवायचा डाव आहे हा, सरळ आहे. कागदावर सही करून बाहेर आलो. सही वेडीवाकडी आली. पेन त्यांचं होतं.

म्हणून आजपासून ही डायरी. उद्या कुणी काही म्हणालंच तर माझ्याजवळ सगळं तारीखवार असेल.

७ जानेवारी, मंगळवार

धडा वाचला. सगळे पदार्थ म्हणे बारीक बारीक कणांचे बनलेले असतात. स्थायूत कण दाटीने, ठरलेल्या जागी. द्रवात जवळजवळ, पण एकमेकांवरून घसरणारे. वायूत कुणाचा कुणाला पत्ता नाही. पहिलं पान वाचलं आणि मी पुस्तक मिटून हसलो. अहो, ही तर कवायत आहे! सावधान, विश्राम, मोकळे व्हा. शास्त्रज्ञांनी मैदानावर येऊन बघितलं असतं तर इतकी वर्षं लागली नसती शोध लावायला.

हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, “छान आहे. चहा घ्या.” कप अर्धाच भरलेला. हल्ली रोजच अर्धा असतो. विचारलं तर म्हणते, “दोनदा घ्या ना मग, गरम गरम मिळेल.” बायकोचं लॉजिक.

९ जानेवारी, गुरुवार

पहिला तास. सांगायलाच नको, गाजवला.

वर्गात शिरलो तेव्हा पोरांच्या चेहऱ्यावर ‘सावधान सर आणि विज्ञान?’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. (माझं हे नाव मला माहीत आहे. मला आवडतं, हे त्यांना माहीत नाही.) बाकं भिंतीला लावली, सगळ्यांना मधे उभं केलं आणि आवाज दिला, “सावधान!”

खांद्याला खांदा, ओळीत ओळ, पापणी हलत नाही.

“हा स्थायू,” मी म्हणालो. “याला ढकलून बघा. आकार बदलतो? नाही. का? प्रत्येक कण आपल्या जागी खिळलेला आहे. स्थायू म्हणजे सावधान.”

पोरं थक्क. ज्याला पुस्तकात चार पानं लागलीत, त्याला मला एक शब्द लागला. खिडकीतून मोठ्या बाई बघत होत्या. बघा म्हटलं, डोळे भरून बघा.

१३ जानेवारी, सोमवार

या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे भिंगरी म्हणतात. किडकिडीत, दोन वेण्या, आणि अंगात पारा. ती उभी असली की गुडघा हलतो, गुडघा धरला की खांदा हलतो, खांदा धरला की वेणी. आज माझा सगळा स्थायू तिने बिघडवला. तीनदा सावधान दिलं, तीनदा हलली.

“काय होतंय तुला?”

“काही नाही सर. मी उभीच आहे. हे आपोआप होतं.”

“आपोआप काही होत नाही. मन घट्ट केलं की शरीर घट्ट होतं.”

शेवटी तिला ओळीतून काढून वायूत पाठवलं, खिडकीजवळ. तिथे ती एकटीच भिरभिरत राहिली. जाताना एकदा माझ्या हाताकडे बघून गेली. हातात पट्टी होती, भ्यायली असणार. मी मुलांना मारत नाही, पण पट्टी असली की बरं असतं. हातालाही काहीतरी धरायला लागतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

प्रयोग. बिनसुईची एक सिरिंज. आत हवा भरली, तोंडावर बोट ठेवलं, दट्ट्या दाबला. दबतो. म्हणजे हवेच्या कणांमध्ये मोकळी जागा आहे. मग पाणी भरून तेच केलं. दबत नाही. द्रवाचे कण आधीच चिकटून बसलेत, आणखी कुठे सरकणार?

इथवर सगळं झकास. मग तोंडावरचं माझं बोट जरा सरकलं आणि पाण्याची पिचकारी थेट माझ्या शर्टावर. वर्ग हसून हसून लोळला. सिरिंज गळकी होती. प्रयोगशाळेतलं सामान कुणी बघतच नाही, मोठ्या बाईंना कळवायला हवं.

शर्ट बदलताना लक्षात आलं की हिने माझ्या सगळ्या शर्टांच्या बटणांच्या जागी टिचबटणं लावलीत. “हे काय?” तर म्हणे, “फॅशन आहे.” या वयात मला फॅशन! पण पटकन लागतात, हे कबूल.

२१ जानेवारी, मंगळवार

शिक्षकांच्या खोलीत कपाटाआड उभं राहून मनगटाला मलम चोळत होतो. दार लोटलेलं. कुणाला दिसायचा प्रश्नच नाही. तेवढ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाहून मोठ्या बाई, “कुणाला काय लागलंय हो?”

“गुडघा,” मी कपाटाआडून म्हणालो.

पण मी पण काही कच्चा गडी नाही. त्यातूनच पुढचा तास उभा केला. मुलांना ओळीत बसवलं, टेबलावर मलमाची डबी उघडली. ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा. पहिल्या बाकावरचे हात वर गेले, मग दुसऱ्या, मग मागच्या. “कुणी डबी फिरवली का? नाही. पंखा बंद, खिडक्या बंद. वायूचे कण स्वतःच्या पायांनी चालत गेले. त्यांना भिंत दिसेपर्यंत ते थांबत नाहीत. वायू लपवून ठेवता येत नाही.”

भिंगरीने हात वरच ठेवला होता. “सर, हा वास परवा ग्रंथालयात पण होता. आणि त्याआधी मैदानावर. तुमचा हात दुखतो का?”

“गुडघा दुखतो.”

“मग हाताला का लावता?”

तिला उभं केलं. ती उभी राहिली आणि अर्थातच हलत राहिली.

२७ जानेवारी, सोमवार

शेवटी बिंग फुटलं. वार्षिक मैदानी कार्यक्रम फेब्रुवारीच्या शेवटी आहे, आणि सगळ्या शाळेला सावधान देण्याचं काम यंदा नव्या कोचकडे. हा कोच म्हणजे बुटात स्प्रिंगा घातल्यासारखा चालतो, म्हणून मी त्याचं नाव स्प्रिंग ठेवलंय. वागायला वाईट नाही. पण सावधान म्हणताना ‘प्लीज’ म्हणतो!

मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो. बसा म्हणाल्या, बसलो नाही.

“बाई, या मैदानावर शेवटचं सावधान मी देतो. पालक त्यासाठी थांबतात. सगळं मैदान एका क्षणात चिडीचूप होतं, ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही.”

“मला माहीत आहे सर. मीही त्यासाठीच थांबते.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पण पुढे सगळे असतात. हातात निशाण धरून एवढा वेळ उभं राहायचं. तुम्हाला त्रास होऊ नये एवढंच माझं म्हणणं.”

“मला कसला त्रास?”

यावर त्या टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या. म्हणजे उत्तर नव्हतं. मग मीच तोड काढली. सातवीचा वर्ग घेऊन मैदानावर स्थायू, द्रव आणि वायू दाखवतो, विज्ञानाचं विज्ञान आणि कवायतीची कवायत. आणि तो स्थायू म्हणजेच शेवटचं सावधान. निशाण माझ्या हातात. बाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि हो म्हणाल्या.

माझं मैदान मी परत मिळवलं. आता ते असं उभं करायचं की पुन्हा कुणी उन्हाचं कारण सांगत माझ्याकडे येता कामा नये. आणि चुकलं, तर पुढल्या वर्षी शिट्टी स्प्रिंगच्या गळ्यात, हेही मला कळतंय.

३ फेब्रुवारी, सोमवार

तालीम. द्रवासाठी एक लांबलचक दोरी आणली. दोरी म्हणजे भांडं. दोरीचा गोल केला की पोरं गोलात, त्रिकोण केला की सरकत सरकत त्रिकोणात. आकार भांड्याचा, पण पोरं तेवढीच. एकही वाढलं नाही, एकही गळलं नाही. मग दोरी सोडायची की वायू. सगळ्या मैदानभर, कुंपणापर्यंत, एकमेकांना धडकून परत फिरत. स्प्रिंग टाळ्या वाजवत होता. मनाचा मोठा आहे पोरगा, एवढं मान्य करावं लागेल.

स्थायूत मात्र भिंगरी नाही. तिला कायमचं वायूत टाकलंय.

“सर, मला एकदा तरी स्थायूत घ्या ना.”

“स्थायूला शिस्त लागते.”

ती गेली. वायूत ती चांगलीच शोभते खरं तर.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चाचणी तपासली. ‘स्थायूतील कण कसे असतात?’ सगळ्यांनी माझं वाक्य लिहिलं, ‘स्थिर, सावधान स्थितीत.’ वाचून ऊर भरून आला. एका भिंगरीने लिहिलंय, ‘आपापल्या जागी राहून सतत कंप पावतात.’ भोपळा दिला.

ती पेपर घेऊन टेबलाशी आली. “सर, पुस्तकात असंच आहे. चौथ्या पानावर.”

बघितलं. खरंच आहे. लहान अक्षरांत, चित्राखाली.

“छपाईची चूक असेल,” मी म्हणालो.

“पण सर, मग मला...”

“जागेवर बस.”

मी एकदा दिलेला हुकूम मागे घेत नाही. कवायतीत ‘जैसे थे’ असा एक हुकूम असतो. चुकीचा हुकूम गेला की तो म्हणायचा आणि सगळे आधीच्या स्थितीत येतात. तो मी आजवर कधी वापरलेला नाही. गरजच पडली नाही. स्प्रिंग दिवसात दहा वेळा वापरतो.

९ फेब्रुवारी, रविवार

छपाईची चूक सिद्ध करायला विज्ञानाच्या बाईंच्या घरी गेलो. ही पण बरोबर आली, बाळ बघायचं म्हणून. बाळ जेमतेम महिन्याचं, मुठी आवळून झोपलेलं.

बाईंना चौथं पान दाखवलं. त्या हसल्या. “चूक नाही सर. स्थायूचे कण जागा सोडत नाहीत, पण थरथरत असतात. लोखंडाचे, दगडाचे, या टेबलाचेसुद्धा.”

“हे टेबल थरथरतंय?”

“आतून. आपल्याला दिसत नाही एवढंच. तापवलं की जास्त थरथरतं. फारच तापवलं की कण जागा सोडतात, म्हणजे मग ते वितळतं. गार केलं की थरथर कमी होते.”

“गारठ्याने कमी होते? वाढत नाही?” मला जरा धक्काच बसला. माझ्या हाताचं काय ते आजवर मी थंडीवर ढकलत आलोय. कणांचं उलटंच आहे.

“कमी होते. पण कितीही गार करा, अगदी पूर्ण थांबत नाही.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही सर.”

बाईंनी बाळ मला मांडीवर घ्यायला सांगितलं. मी नको म्हणालो, लहान बाळांची मला सवय नाही. हिने माझ्या शेजारी बसून बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या हाताखाली आपला हात धरून बसली. बाळ झोपेतच राहिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

रात्रभर विचार केला असं लिहिणार नाही, कारण झोप छान लागली. पण सकाळी उठलो तेव्हा ठरलेलं होतं.

वर्गात गेलो. सावधान दिलं. वर्ग उभा राहिला. आणि मी म्हणालो, “जैसे थे.”

कुणाला काही कळेना. माझ्या तोंडून तो शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

“स्थायू म्हणजे सावधान, हे मी शिकवलं ते चूक. स्थायूचा कण थरथरतो. जागा सोडत नाही, पण थरथरतो. दगडाचासुद्धा. चाचणीत एकीनेच बरोबर लिहिलंय. बाकी सगळ्यांचा गुण काढून तिला देणार होतो, पण चूक माझी आहे, म्हणून तुम्हालाही राहू दे.”

मग भिंगरीला म्हटलं, “तू स्थायूत ये. पहिल्या ओळीत.”

ती धावत आली आणि उभी राहिली. गुडघा, खांदा, वेणी, सगळं चालू. बाकी पोरं तिच्याकडे बघून शिकत होती. सांगायला लाज कशाची, मला त्या पोरीचा अभिमान वाटला. आणि थोडा माझाही. ‘जैसे थे’ म्हणायला जो आवाज लागतो तो सावधानपेक्षा मोठा लागतो, हे स्प्रिंगला काय माहीत!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी अडचण. थरथरणारा स्थायू दिसायला भयंकर दिसतो. कुणी मान हलवतं, कुणी गुडघे, एकाने तर कंबर हलवायला सुरुवात केली. आठवडी बाजार नुसता! ‘जागच्या जागी कंप पावा,’ एवढंच सांगता येतं, कसा पावा ते कसं सांगणार?

निशाण घेऊन समोर उभा राहिलो तर वाऱ्याने फडफडायला लागलं. स्प्रिंग जवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, निशाण मी धरू का? तुम्ही फक्त हुकूम द्या.”

“वारा आहे,” मी म्हणालो.

“हो सर,” तो म्हणाला. मग त्याने वर झाडाकडे बघितलं. मीही बघितलं. एक पान हलत नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काही नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आरशासमोर उभा राहून बघितलं. चालताना, उचलताना, काही करताना तितकं नाही. मुकाट उभा राहिलो, हात खाली सोडला, सावधान, की सुरू होतं. म्हणजे नेमकं सावधानमध्ये! ज्यावर सगळं आयुष्य काढलं त्यातच. याला काय म्हणावं?

उजवा हात डाव्याने धरून बघितला. खिशात घालून बघितला. खिसा हलतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

हिला सांगून टाकलं. निशाण स्प्रिंगला देतो. सगळ्या गावासमोर, पालकांसमोर, आपल्याच शिकवलेल्या पोरांसमोर हसं करून घ्यायचं नाही. इतकी वर्षं ज्यांना ‘हलू नको’ म्हणून ओरडलो, तेच तिथे बसलेले असतील, आपापली पोरं घेऊन.

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्या बाई काय म्हणाल्या होत्या? कण जागा सोडतो तेव्हा काय होतं?”

“वितळतो.”

“मग?”

“अगं, ते कणांचं आहे.”

“मला विज्ञान कळत नाही,” ही म्हणाली. “मी आपली तुमच्याकडून ऐकलं तेवढंच बोलतेय. आणि डॉक्टरची वेळ घेतलीय मी, कार्यक्रम झाला की जायचं. आता त्याच्यावर वाद नको.”

म्हणजे हिला माहीत होतं. कधीपासून, ते विचारायचा धीर झाला नाही. उठून शर्टाचं टिचबटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

निशाण देत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचं सगळं लिहायचं आहे, अक्षर कसंही येवो.

मैदान भरलेलं. भिंतीवरसुद्धा माणसं. आमचा नंबर शेवटी. वायू झाला, पोरं अशी उधळली की पुढच्या ओळीतल्या लोकांनी पाय वर घेतले. द्रव झाला, दोरीचा गोल, त्रिकोण, मग बाटलीसारखी अरुंद मान. एकेक पोर त्या मानेतून सरकत गेलं आणि टाळ्या पडल्या. मग मी पुढे आलो. निशाण उजव्या हातात, काठी जमिनीला टेकवलेली. आवाज दिला, “स्थायू! सावधान!”

चिडीचूप. सगळी शाळा, सगळं मैदान. माझंच ते मैदान, तसंच. आणि त्या शांततेत माझा हात सुरू झाला. काठी जमिनीवर टकटक वाजायला लागली. इतका लहान आवाज, पण त्या मैदानात दुसरा आवाजच नव्हता. पुढच्या ओळीतला एक बाप्या, माझाच जुना विद्यार्थी, माझ्या हाताकडे बघत होता. दुसरा हात पुढे करून काठी धरावी असं फार वाटलं. पण सावधानमध्ये दुसरा हात हलत नाही. मी नाही हलवला.

मग समोर बघितलं.

पहिल्या ओळीत भिंगरी. मान ताठ, पाय जुळलेले, खांदे सरळ, वेण्यासुद्धा शांत. तिला इतकी स्थिर मी कधी बघितलेली नाही. फक्त उजवा हात. मनगटापासून खाली, बारीक, सतत. तिच्या शेजारच्याचा उजवा हात. त्याच्या शेजारचीचा. दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या ओळीत, अगदी मागपर्यंत, प्रत्येकाचा उजवा हात. बाकी कुणाचं काही हलत नव्हतं. सगळा स्थायू आपल्या जागेवर उभा, आणि सगळा स्थायू थरथरत होता. मी पुढे एकटा नव्हतो, त्याच स्थायूतला एक होतो.

हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. ‘जागच्या जागी’ एवढंच सांगितलं होतं. उजवा हात कुणी ठरवला, मनगट कुणी ठरवलं, एवढी एकसारखी शिस्त कुठून आली? कडेला स्प्रिंग उभा होता, तो पण उजवा हात हलवत होता. त्याला कुणी कण केलं होतं?

मी विश्राम द्यायला विसरलो. किती वेळ कुणास ठाऊक. कुणीही जागा सोडली नाही.

टाळ्यांचं वर्णन करत नाही, आपल्या तोंडाने बरं दिसत नाही. पण त्या माझ्या सगळ्या वर्षांतल्या सगळ्यात मोठ्या होत्या, हे नोंदवून ठेवतो. तो जुना विद्यार्थी उभा राहून वाजवत होता.

नंतर भिंगरीला गाठलं. “उजवा हात कुणी सांगितला तुम्हाला?”

ती बुटाने माती उकरत होती. “कुणी नाही सर. तुम्ही समोर उभे होता ना, तुम्हीच तर दाखवत होता. आम्ही तुमच्याकडे बघून केलं.”

“तालमीत का नाही केलं मग?”

“तालमीत आम्हाला नीट जमत नव्हतं,” ती म्हणाली आणि पळाली. मागून तीन पोरं तिच्या पाठीवर थापा मारत गेली. कशाबद्दल, देव जाणे.

मोठ्या बाई चष्मा पुसत आल्या. म्हणाल्या, पुढल्या वर्षीही सातवीचं विज्ञान तुमच्याकडे, आणि मैदानावर पळापळ कोच करतील, सावधान तुम्ही द्यायचं, जोवर द्यावंसं वाटेल तोवर. “हे माझ्या मनात जानेवारीपासून होतं,” असंही म्हणाल्या. जानेवारीपासून! तेव्हा तर मला मैदानावरून हाकलत होत्या. आता कुठे त्यांना माझी किंमत कळली, आणि श्रेय स्वतःकडे घेतायत. जाऊ दे, बाई मनाच्या चांगल्या आहेत.

२ मार्च, रविवार

उद्या डॉक्टरांकडे जायचं आहे. ते काय सांगतील ते सांगोत. हात थरथरतो. हे वाक्य मी या डायरीत पहिल्यांदाच लिहितोय, आणि मोठ्या अक्षरात लिहितोय. पेन बदलून बघितलं, पेनाचा दोष नाही.

सकाळी हिला म्हटलं, “चहा पूर्ण कप भरून दे.”

ही बघत राहिली. “सांडेल.”

“सांडू दे.”

काठोकाठ भरून आणला. मी उचलला. तिच्यासमोर, टेबलावर कोपर न टेकता. निम्मा प्यायलो, निम्मा बशीत गेला. तिने बशी उचलली, त्यातला चहा आपल्या कपात ओतला आणि पिऊन टाकला.

भांडं बदललं, चहा तेवढाच. एक थेंब वाया गेला नाही.